संगृहीत ध्वनी आणि नभोनाट्य : ‘ऑल दॅट फॉल’मधील पशुस्वरांचा प्रश्न

१३ जानेवारी १९५७ रोजी बी.बी.सी.च्या थर्ड प्रोग्रॅमवरून सॅम्युअल बेकेटचे ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य प्रथम प्रक्षेपित झाले. नाटकाच्या आरंभी मेंढी, पक्षी, गाय आणि कोंबडा यांचे आवाज आधी एकेकटे आणि मग एकत्र ऐकू येतात. पाठोपाठ शांतता होते, आणि त्या शांततेतून मिसेस रूनीची जड, फरफटणारी पावले पुढे सरकू लागतात. हे पशुपक्ष्यांचे आवाज पशुपक्ष्यांचे नव्हते. ते माणसांनी तोंडाने काढलेले होते. बी.बी.सी.च्या संग्रहात त्या वेळी गाईच्या हंबरण्याची किंवा कोंबड्याच्या आरवण्याची वानवा होती, अशातला भाग नाही. फडताळातून हवा तो प्राणी काढून घेता आला असता. निर्माता डोनाल्ड मॅकव्हिनी याने तो मार्ग बुद्ध्या टाळला, आणि नाटककाराला ही गोष्ट पटली नाही. दोघांमधील हा मतभेद वरवर पाहता निर्मितीच्या तपशिलाचा वाटतो. परंतु नभोनाट्यातील ध्वनी हा वास्तवाचा तुकडा असतो की वास्तवाविषयीचे विधान असते, या मूळ प्रश्नाशी तो येऊन भिडतो. आणि या प्रश्नाचे उत्तर काय द्यावयाचे यावर नभोनाट्याचे समीक्षण कोणत्या साधनांनी करावयाचे हेही अवलंबून आहे.

नाट्यसमीक्षेने या प्रश्नाकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. त्याचे एक कारण उघड आहे. समीक्षकाच्या हाती असते ती छापील संहिता. तीत संवाद ठसठशीत उभे असतात आणि ध्वनी कंसात दडलेले असतात. ‘पाऊस’, ‘दार वाजते’, ‘गाडी जवळ येते’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते, आणि कंसातील मजकूर रंगसूचनेसारखा नजरेखालून घालून पुढे जाण्याची सवय वाचकाला जडलेली असते. रंगभूमीवरील नाटकाच्या बाबतीत ही सवय एक वेळ क्षम्य मानता येईल. नभोनाट्याच्या बाबतीत ती मानता येणार नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले. ध्वनिक्षेपकासमोर यांतील आंगिक आणि आहार्य हे दोन्ही लुप्त होतात. त्यांनी मोकळी केलेली सारी जागा ध्वनीला व्यापावी लागते. नभोनाट्यातील दार हे दाराच्या आवाजाहून वेगळे असे कोठेच नसते. ते वाजले तरच असते. पात्रांचीही तीच गत. जे पात्र बोलत नाही ते त्या क्षणापुरते अस्तित्वातच नसते. बेकेटने ही अडचण नाटकातच गुंफून टाकली आहे. स्थानकाच्या फलाटावर इतर पात्रे आपापसांत बोलत सुटतात तेव्हा मिसेस रूनी मध्येच बजावते की, आपण गप्प आहोत म्हणून येथे नाहीच असे कोणी समजू नये. श्रोत्याला हसू येते, कारण क्षणभर त्याने तसेच समजलेले असते.

येथे मराठी अभ्यासकाला ‘ध्वनी’ या संज्ञेची द्व्यर्थता जाणवल्यावाचून राहणार नाही. आनंदवर्धनाने व्यंजनेसाठी ही संज्ञा वैयाकरणांकडून उचलली. त्यांच्या मते कानांवर पडणारा नाद हा स्वतः शब्द नसून शब्दाला व्यक्त करणारा असतो. शब्दसाम्यावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे होय. तथापि कानांवर जे पडते ते साध्य नव्हे, साधन आहे, एवढा धागा दोन्हीकडे समान आहे, आणि प्रस्तुत विवेचनाला तेवढा पुरेसा आहे.

ध्वनीवर येऊन पडणारी ही जबाबदारी नभोनाट्याच्या जन्माबरोबरच ध्यानात आली होती. रिचर्ड ह्यूज याची ‘डेंजर’ ही नाटिका १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून प्रक्षेपित झाली. खास ध्वनिक्षेपणासाठी लिहिलेल्या अगदी आरंभीच्या नाटकांत तिची गणना होते. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि खाण पाहावयास आलेली मंडळी अंधारात सापडतात, एवढेच कथानक. ह्यूजचे चातुर्य अंधाराच्या निवडीत आहे. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. माध्यमाचे वैगुण्य हेच कथेचे वास्तव होऊन बसते. श्रोत्यांनी घरातील दिवे मालवून नाटिका ऐकावी अशी सूचनाही देण्यात आली होती. खाणीतील स्फोटाची हकीकत मात्र याहून बोधक आहे. ह्यूजने पुढे सांगितल्याप्रमाणे, खऱ्या स्फोटाचा आघात त्या काळच्या ध्वनिक्षेपकाला पेलण्यासारखा नव्हता. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी त्याच इमारतीतील एका खोलीत बसून प्रक्षेपण ऐकणार होते. तेव्हा निर्माता नायजेल प्लेफेअर याने त्यांच्या शेजारच्या खोलीत खराखुरा स्फोट घडवून आणला. पत्रकारांना स्फोट उत्तम ऐकू आला. तो भिंतीतून आला होता, यंत्रातून नव्हे. नभोनाट्याच्या इतिहासातील पहिला म्हणावा असा अस्सल आवाज अशा रीतीने नभोवाणीच्या बाहेरच झाला.

पुढील दोन दशकांत इंग्लंड-अमेरिकेतील ध्वनियोजकांनी जी कारागिरी उभी केली ती बरीचशी रंगभूमीच्या आणि मूकपटगृहांच्या पडद्यामागून आलेली होती. नारळाच्या दोन करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढीत. मक्याच्या पिठाची पुरचुंडी दाबून बर्फावरची पावले उमटवीत. सेलोफेनचा कागद चुरगाळून आग पेटवीत. टांगलेला पत्रा हलवून मेघगर्जना करीत. लाकडी पट्ट्यांचे नळकांडे ताणलेल्या कापडाखाली फिरवून वारा वाहवीत. कोलंबिया ब्रॉडकास्टिंगच्या ध्वनिविभागाची धुरा ज्या ओरा निकोल्स यांनी सांभाळली, त्या याच जुन्या रंगमंचीय परंपरेतून आलेल्या होत्या. ही सारी लबाडी सोयीखातर झाली असे समजण्याचा प्रघात आहे. खरा घोडा प्रक्षेपणगृहात आणता येत नाही म्हणून करवंटी, असा तो युक्तिवाद. तो अपुरा आहे. घोडा आणता आला असता तरीही करवंटीच अधिक उपयोगी पडली असती.

याचे कारण ध्वनीच्या ओळखीच्या प्रक्रियेत आहे. पावसाचे प्रामाणिक ध्वनिमुद्रण संदर्भावाचून ऐकविले तर ते कढईतील तळणीचा चुरचुराट, दूरच्या टाळ्या किंवा यंत्राची खरखर यांपासून वेगळे काढणे कठीण जाते. या सर्व आवाजांत असंख्य क्षुद्र आघात अनियमितपणे एकमेकांवर येऊन पडतात. कोणतीही एक कंपनसंख्या त्यांत ठळक नसते. प्रत्यक्ष जीवनात पाऊस ओळखता येतो तो नुसत्या कानांनी नव्हे. भिजलेल्या मातीचा वास, काळवंडलेला उजेड, अंगावर आलेला गारवा हे सारे कानाच्या मदतीला धावतात. नभोनाट्यात कान एकाकी पडतो. शिवाय मध्यमलहरींवरील प्रक्षेपणात उंच कंपनसंख्येचे घटक गाळले जात, आणि दोन सारख्या आवाजांतील भेद पुष्कळदा नेमका त्याच घटकांवर अवलंबून असतो. करवंटीचे सामर्थ्य येथे कळते. घोडा चालतो आहे, दुडक्या चालीने येतो आहे की भरधाव सुटला आहे, हे टापांच्या क्रमावरून ठरते. करवंटीने घोड्याचे शरीर टाकून दिले आणि त्याची चाल तेवढी ठेवली. ध्वनियोजकाची कला ही अनुकरणाची कला असण्यापेक्षा वगळण्याची कला आहे, हे मॅकव्हिनीच्या पिढीला ठाऊक होते. फक्त तिचे शास्त्र मांडण्याची फारशी कोणाला निकड वाटली नव्हती.

अपवाद लान्स सिव्हकिंग याचा. ‘द स्टफ ऑफ रेडिओ’ (१९३४) या ग्रंथात त्याने ध्वनिपरिणामांचे सहा प्रकार कल्पिले : संवादातील माहितीला पुष्टी देणारा वास्तव ध्वनी, वातावरण जागविणारा वास्तव ध्वनी, भाव जागविणारा प्रतीकात्मक ध्वनी, रूढीने ठरून गेलेला सांकेतिक ध्वनी, संस्कारचित्रात्मक ध्वनी, आणि परिणाम म्हणून योजलेले संगीत. हे वर्गीकरण आजही उपयुक्त आहे, आणि ध्वनीचा विचार त्याच्या उगमावरून न करता कार्यावरून करावयाचा, हा त्यातील मूळ दृष्टिकोन योग्य दिशेचा आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक ध्वनी एका वेळी एकाच खान्यात बसतो असे सिव्हकिंग धरून चालतो. श्रेष्ठ नाटकात तसे घडत नाही. तोच आवाज पहिल्या प्रवेशात वार्ता देतो आणि शेवटच्या प्रवेशात शाप होऊन येतो. त्याचा खाना मध्ये केव्हा बदलला, हे सांगणे हेच समीक्षेचे काम होय, आणि वर्गीकरणाची तेथे मदत होत नाही.

शांततेलाही सिव्हकिंगच्या यादीत स्वतंत्र जागा नाही, ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. ऑर्सन वेल्सच्या ३० ऑक्टोबर १९३८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मधील सर्वांत भयंकर परिणाम कोणत्याही साधनाने काढलेला नाही. घटनास्थळावरून बोलणाऱ्या वार्ताहराचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. एवढ्यानेच तो साधला आहे. त्या वार्ताहराची भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिकने ६ मे १९३७ च्या हिंडेनबुर्ग वायुनौकेच्या दुर्घटनेचे हर्बर्ट मॉरिसनने केलेले ध्वनिमुद्रित निवेदन पुन्हा पुन्हा ऐकून आपला आवाज बेतला होता. संगृहीत ध्वनीचा हा उपयोग लक्षणीय आहे. रीडिकने संग्रहातील आवाज वापरला नाही. तो आवाज कसा फुटतो, कोठे अडखळतो, हे तेवढे घेतले. करवंटीने घोड्याचे जे केले तेच नटाने मॉरिसनचे केले.

ध्वनी साठविणाऱ्यांची परंपरा मात्र वेगळ्याच प्रेरणेतून निघालेली आहे, आणि तिचा मान राखूनच हा विचार पुढे नेला पाहिजे. लुडविग कॉख या जर्मन संग्राहकाने १८८९ साली, वयाच्या आठव्या वर्षी, घरातील पाळीव पक्ष्याचे गाणे एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर उतरवून घेतले. पक्ष्याच्या गाण्याचे ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण ते हेच. तो पक्षी भारतीय शामा होता, ही गोष्ट सह्याद्रीच्या रानांत शामा ऐकलेल्या वाचकाला विशेष वाटेल. १९३६ साली कॉख जर्मनी सोडून इंग्लंडला आला. त्याने जमविलेल्या मुद्रणांच्या पायावर बी.बी.सी.चा निसर्गध्वनींचा संग्रह उभा राहिला. कॉखच्या लेखी शामाचा आवाज शामाचाच असला पाहिजे. तो त्या पक्ष्याचा, त्या दिवसाचा, त्या खोलीचा आहे, यातच त्याचे मोल आहे. पुढे कॅनडात रेमंड मरे शेफर आणि त्याचे सहकारी यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात जो विश्वध्वनी-प्रकल्प हाती घेतला, त्यातही हीच निष्ठा दिसते. नगरातील भोंगे, घंटा, बंदरातील कर्णे यांची त्यांनी ठिकाणांच्या खुणा म्हणून नोंद केली. ध्वनीची उगमापासून होणारी फारकत ही शेफरला आधुनिक जीवनातील एक विकृती वाटली, आणि तिला त्याने मनोविकाराच्या नावावर बेतलेले नावही दिले.

पॅरिसचा पिएर शेफेर याची दिशा अगदी उलट होती. (नावे जवळची असली तरी माणसे भिन्न आहेत आणि मते तर परस्परविरुद्ध आहेत.) त्याने १९४८ साली बातिन्योल स्थानकात जाऊन आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले, आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवर ‘गोंगाटांची मैफल’ सादर केली. आगगाडीचा आवाज ऐकताना आगगाडीचा विसर पडावा, हे त्याचे ध्येय होते. ते त्या रचनेत साधले नाही. इंजिनाचे उसासे ऐकताच इंजिन डोळ्यांपुढे उभे राहते, हे शेफेरलाही जाणवले. बर्लिनच्या वाल्टर रुटमानने १९३० साली बोलपटाच्या फितीवर, चित्रावाचून, नुसत्या शहरी आवाजांची ‘वीकएंड’ ही रचना केली, ती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडते : आवाज ओळखू येतात, पण त्यांची जोडणी संगीताच्या नियमांनी होते.

१९५६ साली बेकेटच्या संहितेशी झगडताना मॅकव्हिनी आणि त्याचा तंत्रज्ञ सहकारी डेस्मंड ब्रिस्को यांच्यापुढे फ्रेंचांचा हा प्रयोग होता. ‘ऑल दॅट फॉल’च्या अडचणींतूनच पुढे १९५८ साली बी.बी.सी.च्या रेडिओफोनिक वर्कशॉपला चालना मिळाली, हे सर्वश्रुत आहे. संहितेतील मागणी विलक्षण होती. सत्तरीतील, स्थूल, आजारांनी गांजलेली मिसेस रूनी आपल्या आंधळ्या नवऱ्याला वाढदिवसानिमित्त आणावयास स्थानकावर पायी जाते. वाटेत शेणखताची गाडी, सायकल, मालमोटार, मोटार अशी एकाहून एक वरचढ वाहने भेटतात. गाडी उशिरा येते. दोघे वादळी हवेत घरी परततात. आणि अखेरीस गाडीला उशीर का झाला हे एक पोरगा सांगतो : एक मूल डब्यातून रुळांवर पडले होते. सगळे नाटक मिसेस रूनीच्या कानांतून ऐकावयाचे आहे. वास्तवाची नोंद आणि तिच्या मनाचा ताल हे दोन्ही एकाच आवाजात मावले पाहिजेत.

मॅकव्हिनीने आपली बाजू ‘द आर्ट ऑफ रेडिओ’ (१९५९) या ग्रंथात मांडली आहे. आरंभीच्या चार पशुस्वरांनी खेड्याचे चित्र उभे करावयाचे नव्हते. चार स्वर म्हणजे चार मात्रा, आणि त्या मात्रांवरच पुढे मिसेस रूनीची पावले पडावयाची होती. हे म्हणणे ऐकणाऱ्याला पटते. खरी गाय स्वतःच्या श्वासाच्या हिशेबाने हंबरते. तिच्या हंबरण्यामागे गोठा असतो, अंतर असते, दुसऱ्या गाईची चाहूल असते. मुद्रणाबरोबर हा सारा पसारा येतो आणि श्रोता गोठ्यात जाऊन उभा राहतो. माणसाने काढलेला ‘हम्मा’ मात्र हव्या त्या मात्रेवर सुरू होतो आणि हव्या त्या मात्रेवर थांबतो. मर्ढेकरांनी सौंदर्यवाचक लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम सांगितले, त्यांचा प्रत्यय शोधण्यासाठी या पूर्वरंगाइतके अनुकूल उदाहरण सहसा सापडणार नाही. चारही स्वरांच्या जातींत विरोध आहे, त्यांच्या कालमानांत संवाद आहे, आणि एकत्र झालेल्या कल्लोळाला पाठची शांतता समतोल देते. स्वतः मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते आणि त्यांनी ध्वनिक्षेपणाच्या माध्यमात संगीतिका लिहिल्या. हे नाटक प्रक्षेपित होण्यापूर्वी, १९५६ सालीच, त्यांचे निधन झाले, याची चुटपुट अभ्यासकाला लागून राहते.

बेकेटचे म्हणणे असे होते की, नाटकातील अवास्तवता ही एखाद्या वास्तव गाभ्यातून उमलावयास हवी; प्राण्यांचे खरे आवाज घ्यावेत आणि गरज पडल्यास त्यांना तांत्रिक उपायांनी विकृत करावे. प्रक्षेपणानंतरही प्राण्यांविषयीची त्याची नापसंती कायम राहिली. या नापसंतीकडे नभोवाणीला नवख्या असलेल्या लेखकाचा भाबडेपणा म्हणून पाहिले जाण्याचा संभव आहे. तसे पाहणे चूक ठरेल. मॅकव्हिनीचे समर्थन पूर्वरंगापुरते निर्दोष आहे. प्रश्न असा की, नाटकात प्राणी पूर्वरंगानंतर पुन्हा येतात.

परतीच्या वाटेवर मिसेस रूनी भोवतालच्या निःशब्दतेचे वर्णन करू लागते. वारा पानही हलवीत नाही असे ती म्हणते, आणि ‘वारा’ म्हणताच क्षणभर वारा वाहतो. पक्षी गाऊन दमले म्हणताच पक्षी किलबिलतो. गाई आणि मेंढ्या मुकाट्याने रवंथ करीत आहेत म्हणावे, तर गाय हंबरते आणि मेंढी बेंबटते, कुत्री गप्प आहेत म्हणताच कुत्रे भुंकते, कोंबड्याही तशाच. प्रत्येक नामामागे त्याचा ध्वनी हुकमी धावत येतो आणि वाक्यातील क्रियापदाला खोटे पाडतो. हा उतारा म्हणजे ध्वनिसंग्रहाच्या सूचीचे विडंबन होय. सूचीत ‘गाय’ या शब्दापुढे एक तबकडी असते; शब्द उच्चारावा आणि तबकडी लागावी. येथे गाय म्हणून कोणी नाही. आहे तो ‘गाय’ हा शब्द आणि त्याला चिकटलेला संकेत. ध्वनीने वास्तवाची साक्ष द्यावी या श्रोत्याच्या अपेक्षेची बेकेट येथे उघड थट्टा करतो. असा प्रसंग खरे पाहता फडताळातील ठरीव, झिजलेल्या मुद्रणांनीच उत्तम रंगला असता. त्यात जितका निर्जीव साचेबंदपणा असेल तितका विनोद धारदार होईल. तोंडाने काढलेल्या आवाजात नकलाकाराची हुशारी डोकावते. श्रोता ‘काय हुबेहूब काढला!’ किंवा ‘हे माणसाचेच!’ यांपैकी काहीतरी मनात म्हणतो, आणि सूचीची थट्टा नकलेच्या गमतीत विरून जाते.

याहून महत्त्वाची जागा पुढे आहे. मिस्टर रूनी बायकोच्या बोलण्याविषयी म्हणतो की, ती एखाद्या मृत भाषेशी झगडते आहे असे कधी कधी वाटते. ती ते मान्य करते. आपली भाषाही गेलिकसारखीच यथाकाल मरून जाईल, एवढा दिलासा ती काढते. एवढ्यात एका कोकराची निकडीची हाक ऐकू येते. आईच्या दुधासाठी रडणाऱ्या त्या कोकराकडे वळून मिसेस रूनी म्हणते की, त्यांची भाषा मात्र आर्केडियापासून बदललेली नाही. सबंध नाटकात माणसांचे बोलणे झिजते, अडते, जुने वाटू लागते. शरीरे मोडतात, यंत्रे बिघडतात, वाहने बंद पडतात. या सर्व पडझडीत न झिजलेला असा हा एकच आवाज नाटककाराने ठेवला आहे. तो ऐकताना श्रोत्याला क्षणभर भाषेच्या पलीकडे असलेल्या कशाचा तरी स्पर्श व्हावयास हवा. तो आवाजही एका नटाने काढलेला असेल, तर विरोधाची दुसरी बाजूच उरत नाही. माणसाची भाषा आणि कोकराची भाषा दोन्ही एकाच घशातून निघतात. यावर असा बचाव करता येईल की, नेमके हेच मिसेस रूनीच्या समजुतीवरचे मर्मभेदी भाष्य आहे. आर्केडिया ही माणसाचीच रचना आहे आणि तिथले कोकरूही माणसाच्याच आवाजात बोलते. बचाव चतुर आहे. पण तो निर्मितीवर बसविता येतो, नाटकावर बसविता येत नाही. संहितेत ती हाक निकडीची आहे, आणि निकड हा नकलेचा गुण नव्हे. या ठिकाणी कॉखच्या परंपरेतील आवाज हवा होता : अमुक रानातील, अमुक दिवशीचे, दुसऱ्या कशासाठी नव्हे तर स्वतःच्या भुकेसाठी ओरडणारे एक कोकरू.

एकाच नाटकात एकाच प्राण्याचा आवाज अशा रीतीने तीन वेळा तीन निराळ्या सत्तांनी येतो. आधी तो मात्रा असतो, नंतर संकेत असतो, आणि शेवटी साक्ष असतो. मॅकव्हिनीने तिन्ही ठिकाणी एकच धोरण राबविले आणि बेकेटनेही तिन्ही ठिकाणी एकच धोरण सुचविले. दोघांच्या वादात दोघेही अंशतः बरोबर ठरतात ते यामुळेच. शैलीची एकात्मता टिकावी म्हणून निर्मात्याने एकच रीत पत्करली हे समजण्यासारखे आहे. पण येथे संहिताच त्या एकात्मतेच्या विरुद्ध आहे. मिसेस रूनीच्या जगात आवाजांची विश्वासार्हता सारखी नाही. वाटेतल्या मोडकळीस आलेल्या घरातून ऐकू येणारे शूबर्टचे ‘डेथ अँड द मेडन’ तबकडीवरचे आहे आणि ते तबकडीवरचे म्हणूनच ऐकू आले पाहिजे. मिस्टर स्लोकमच्या मोटारीखाली सापडणाऱ्या कोंबडीचा आवाज मात्र श्रोत्याच्या अंगावर काटा आणणारा हवा, कारण पुढे गाडीखाली जे सापडते त्याची ती पूर्वसूचना आहे, आणि त्या दुसऱ्या घटनेचा आवाज नाटकात कोठेही नाही.

तुलनेसाठी डिलन टॉमसचे २५ जानेवारी १९५४ रोजी प्रक्षेपित झालेले ‘अंडर मिल्क वुड’ घेता येईल, परंतु तुलना फार लांबविण्यात अर्थ नाही. तेथे निवेदकांचे शब्दच नादमय असल्यामुळे ध्वनियोजकाला फारसे काम उरत नाही; रात्र शब्दांनी पडते आणि शब्दांनीच उजाडते. ते श्राव्य काव्य म्हणून श्रेष्ठ आहे. नभोनाट्य म्हणून त्याने ध्वनीचा प्रश्न सोडविला नाही. तो उद्‌भवूच दिला नाही.

ध्वनिसंग्रहांच्या बाबतीत अलीकडे घडलेली एक गोष्ट येथे नोंदणे अवश्य आहे. २०१८ साली बी.बी.सी.ने आपल्या संग्रहातील सुमारे १६,००० ध्वनिपरिणाम अभ्यासासाठी आणि खाजगी उपयोगासाठी सर्वांना खुले केले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. तिच्याबरोबर एक चकवाही आला. सुट्या, नामांकित, उतरत्या क्रमाने लावलेल्या या आवाजांवरून जुन्या नभोनाट्यांची कल्पना करू पाहणारा विद्यार्थी शब्दकोशावरून काव्याची कल्पना करू पाहणाऱ्यासारखा होय. त्यातही हा कोश सगळ्या शब्दांचा नाही. ‘डेंजर’सारखे आरंभीचे प्रयोग थेट प्रक्षेपित झाले आणि हवेत विरले, बादलीत तोंड घालून बोगद्याचा घुमारा काढणाऱ्या नटांचा आवाज कोणत्याही सूचीत नाही. उलट जे आवाज संग्रहात टिकले त्यांचे अर्थ झिजले आहेत. वाफेचे इंजिन ऐकताच १९५७ च्या श्रोत्याला रोजचे स्थानक आठवत असे. आजच्या श्रोत्याला जुना चित्रपट आठवतो. आपल्याकडेही जात्याची घरघर ऐकविली तर पदव्युत्तर वर्गातील कितीजणांना पहाट आठवेल आणि कितीजणांना कोणते तरी यंत्र आठवेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. ध्वनी जसाच्या तसा राहतो आणि तरीही तो दुसराच होतो. नभोनाट्याच्या जुन्या संहितांचे संपादन करणाऱ्याने कंसातील ‘जाते’ या शब्दाला टीप द्यावयास हवी ती त्यामुळेच. शब्दार्थासाठी नव्हे, तर तो आवाज ऐकणाऱ्याला दिवसाची कोणती वेळ आणि घरातील कोणती बाई दिसत असे, हे सांगण्यासाठी.

‘ऑल दॅट फॉल’च्या शेवटी प्राणी राहत नाहीत. पोरगा मुलाविषयी सांगून पळून जातो. मिस्टर किंवा मिसेस रूनी यांपैकी कोणीही त्यावर एक शब्द बोलत नाही. वारापावसाचे वादळ उठते, ओसरते. फरफटणारी पावले पुढे निघतात, थांबतात. पुन्हा वादळ उठते आणि नाटक संपते. ज्या पावलांवर पहिल्या क्षणापासून मिसेस रूनीच्या मनाचा ताल चढविला होता, त्या पावलांत आता दोन माणसे आहेत, आणि त्यांतील एकाला काही ठाऊक असावे असा संशय श्रोत्याला येऊन चुकला आहे. पाऊस खरा मुद्रित केलेला आहे की पत्र्यावर वाटाणे फिरवून काढलेला आहे, हे येथे कोणी विचारीत नाही. तो ऐकताना श्रोता वाट पाहत असतो ती पावले पुन्हा सुरू होण्याची; आणि ती सुरू होत नाहीत.